टाळू भरली तेव्हा आम्ही पेढे वाटले

"भरली गं, भरली!"

सासूबाई मोरीतून ओरडल्या तेव्हा मी एका कंपनीच्या खरेदीवाल्याशी फोनवर दरावरून भांडत होते. फोन तसाच हातात धरून धावले. हौसाबाई, म्हणजे बाळाला मालीश करून न्हाऊ घालायला येणारी बाई, पाटावर पाय पसरून बसली होती. तिच्या पायांवर समर, माझा मुलगा, तेलानं चकचकीत. सासूबाई त्याच्या डोक्यावर पुढच्या बाजूला बोट फिरवत होत्या.

"बग, हाड लागतंय का न्हाई हाताला? माज्या संतोषची वरीसभर भरली न्हवती. ह्याची तीन म्हैन्यात!"

"तेल जिरवावं लागतं, आक्का," हौसाबाई म्हणाली. "नुसतं वतून न्हाई व्हत."

मीही बोट लावलं. जन्मल्यापासून ज्या मऊ जागेवर कातडीखाली काहीतरी धडधडताना दिसायचं आणि मी नजर फिरवायचे, ती जागा आता घट्ट होती. जीव भांड्यात पडला. वाटलं, पोरगा माझ्यावर गेला, घाईचा आहे. त्या दिवशी हौसाबाईला साडी दिली आणि इमारतीत घरोघरी पेढे वाटले. मी स्वतः जिने चढून वाटले.

तो पेढ्यांचा डबा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ज्या गोष्टीचा आम्ही आनंद केला, तोच त्याचा आजार होता.

मी कोण

चाकणला माझं पॅलेटचं यार्ड आहे. कंपन्यांचा माल ज्या लाकडी चौकटींवर ठेवून ट्रकमध्ये चढवतात, त्या चौकटी मी बनवते. सुरुवात केली ती कंपन्यांच्या गेटबाहेर मोडक्या खोक्यांच्या फळ्या विकत घेऊन, त्यातले खिळे स्वतः उपटून. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबीरसुद्धा घेत नाही. यार्डातली माणसं मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे तोफ. मला माहीत आहे, आणि माझी हरकत नाही.

हे सांगते आहे ते एवढ्यासाठी की मी भोळी बाई नाही. मला कोणी सहज फसवत नाही. आणि तरीही घरात, माझ्या डोळ्यांसमोर, रोज माझ्या मांडीवर जे होतं ते मला दिसलं नाही. तुमच्या घरात आत्ता असं बाळ असेल आणि तुम्ही स्वतःला बोल लावत बसला असाल, तर आधी हे वाचा.

टोपडं

आमच्या सासूबाई तळेगावजवळच्या गावातल्या. त्यांचा एक नियम होता: बाळाच्या टाळूला वारं लागू द्यायचं नाही. तेल घातलं की वर टोपडं, आणि हनुवटीखाली बंद घट्ट. चार रंगांची टोपडी त्यांनी स्वतः शिवली होती. ती नेहमी एकसारखी बसायची नाहीत. कानांकडे सैल पडायची आणि मागे तोकडी.

"माप चुकतंय माजं," त्या म्हणायच्या, आणि उसवून पुन्हा शिवायच्या.

माप चुकत नव्हतं. पण हे मला नंतर समजलं.

लसीला आम्ही घराजवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे जायचो. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर थांबता येणार नाही. दर वेळी ते बाळाचं वजन करायचे, छातीला नळी लावायचे, मांडीत सुई टोचायचे. पहिल्या वेळी त्यांचा हात टोपड्याकडे गेला तेव्हा सासूबाई पुढे झाल्या.

"टाळू हाय वो डॉक्टर. वारं लागंल."

"बरं बरं," ते म्हणाले, आणि हात मागे घेतला.

पुढच्या दोन्ही वेळी त्यांनी हात नेलाच नाही. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "डॉक्टर, याचं डोकं जरा लांबट वाटतं का हो?" त्यांनी टोपड्यावरूनच बघितलं. "कुशीवर झोपवत असाल. होईल सारखं. टाळू भरली का?" सासूबाईंनी अभिमानानं मान हलवली. "छान," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या बाळाला बोलावलं.

पंखा

सहा महिन्यांनंतरच्या लसीला ते डॉक्टर गावी गेले होते. माझ्या एका मैत्रिणीनं पिंपळे सौदागरच्या तिच्या डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. तरुण होत्या, माझ्याहूनही लहान. समरला टेबलावर ठेवल्या ठेवल्या म्हणाल्या, "टोपडं काढा."

सासूबाईंनी नेहमीचं उत्तर दिलं. डॉक्टरबाई वाद घालत बसल्या नाहीत. उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि पंखा बंद केला. दार लावलं. मग परत येऊन म्हणाल्या, "आता नाही लागणार वारं, आजी. काढा."

सासूबाईंनी एकदा थांबलेल्या पंख्याकडे बघितलं. बंद सोडले.

डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. बोटं कपाळापासून मागे नेली, पुन्हा पुढे आणली. त्या गप्प झाल्या. पंखा बंद असल्यामुळे ती खोली इतकी शांत होती की बाहेर बसलेल्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. माझ्या धंद्यात समोरचा गप्प झाला की मी समजते, आता भाव फुटणार. तिथे मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मला काही समजेना.

"याच्या डोक्याचा मधला सांधा वेळेआधी जुळलेला वाटतोय," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या सर्जनना दाखवावं लागेल. लवकर."

"पण टाळू तर भरलीये ना?" मी विचारलं.

"भरायला नको होती इतक्यात. बहुतेक बाळांची वर्षाच्या आसपास, कधी त्याहून पुढे भरते. आणि नुसती टाळू नाही, इथे बघा." त्यांनी माझं बोट धरून डोक्याच्या मधोमध ठेवलं. तिथे एक उंचवटा होता, शेताच्या बांधासारखा, कपाळाकडून मागपर्यंत.

आणि मी काय केलं असेल? मी त्यांच्यावर ओरडले. "तुमची प्रॅक्टिस किती वर्षांची? आमचे डॉक्टर एवढे जुने, त्यांना नाही दिसलं आणि तुम्हाला दिसलं?" मी सवयीनं भाव पाडायला बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे एवढंच म्हणाल्या, "माझं चुकलं असलं तर मला फार आनंद होईल. पण उद्याच दाखवा."

बाहेर आल्यावर रिक्षात सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनल्या गं त्या? भरली ते वाईट का?"

मी म्हटलं, "घाला अजून तेल."

त्यांनी समरला माझ्या मांडीवर दिलं आणि रस्ताभर बाहेर बघत राहिल्या. घरी गेल्यावर तेलाची वाटी त्यांनी माळ्यावर टाकली. त्या दिवसापासून बाळाला हात लावणंच बंद केलं.

सुक्या फळ्या

पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात स्कॅन झालं. झोपेचं औषध देऊन बाळाला त्या गोल यंत्रात ठेवतात तेव्हा आईला बाहेर थांबवतात. थांबा. भांडू नका. मी भांडले, काही उपयोग झाला नाही.

मेंदूचे सर्जन पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी पडद्यावर माझ्या मुलाची कवटी दाखवली. स्वतःच्या पोराची कवटी बघायची वेळ कोणावर येऊ नये. ते सांगत होते, डोक्याचं हाड अखंड नसतं, तुकडे असतात. मध्ये सांधे मोकळे असतात, आणि जिथे सांधे एकमेकांना मिळतात ती मऊ जागा म्हणजे टाळू. मेंदू वाढतो तसे सांधे जागा करून देतात. समरचा मधला सांधा आधीच जुळला. त्यामुळे डोकं रुंद व्हायला वाव नाही, ते पुढेमागे लांब होतंय.

हे मला लगेच कळलं. यार्डात नवीन माणूस आला की मी पहिली हीच गोष्ट शिकवते. सुक्या फळ्या अंगाला अंग चिकटवून ठोकायच्या नाहीत, मध्ये फट ठेवायची. नाहीतर पावसाळ्यात फुगतात आणि जागा नाही म्हणून वर उचलल्या जातात. जी गोष्ट मी रोज ओरडून सांगते, ती माझ्या पोराच्या डोक्यात झाली होती, आणि आम्ही तिचे पेढे वाटले होते.

मग मी घासाघीस केली. करणारच.

"औषधानं काही?"

"नाही."

"ते हेल्मेट घालतात म्हणे, त्यानं?"

"नुसत्या त्यानं नाही. जुळलेलं हाड उघडावंच लागतं."

"वर्षभर थांबलो, थोडा मोठा झाला तर?"

"हाडं कडक होतात. आणि मेंदूला जागा आत्ता हवी आहे. थांबलो तर आत दाब वाढू शकतो."

"म्हणजे कमी काहीच होणार नाही?"

"कमी होऊ शकलं असतं," ते म्हणाले. "पहिल्या तीन-चार महिन्यांत आला असता तर लहान छेदांतून, दुर्बिणीनं करून बघता आलं असतं. आता डोकं या कानापासून त्या कानापर्यंत उघडावं लागेल."

माझा नवरा संतोष शेजारी बसला होता. त्यानं माझा हात धरला. मी त्या हातात नव्हतेच. मी त्या दवाखान्यात होते, जिथे एक हात टोपड्याकडे गेला होता आणि मागे आला होता.

शेवटी मी विचारलं, "कोणामुळे झालं?"

"कोणामुळेच नाही. बहुतेक वेळा पोटातच सुरू होतं."

"आणि तेल?"

"तेलाचा हाडाशी संबंध नाही. तेलानं टाळू भरत नाही आणि तेलानं सांधा जुळतही नाही."

लोकांना हे ऐकून बरं वाटतं म्हणे. मला नाही वाटलं. माल परत आला की कोणीतरी चुकलेलं असतं, मी त्याला शोधते, झापते आणि मोकळी होते. इथे झापायला कोणी नाही म्हणतात. एवढा राग घेऊन मी कुठे जाणार होते?

कुठे गेले ते

घराजवळच्या त्या डॉक्टरांकडे गेले. ते गावाहून परतले होते. नंबर न लावता आत शिरले, समोरच्या खुर्चीत बसले, स्कॅनचा फोटो टेबलावर आपटला.

त्यांनी बघितला. चष्मा काढला. म्हणाले, "अहो, तुमच्या सासूबाईंनीच टोपडं काढू दिलं नव्हतं."

"त्यांचं शिक्षण चौथी. तुमचं किती?"

"लोकांच्या श्रद्धा असतात. आपण फार दुखावू शकत नाही."

मी म्हटलं, "डॉक्टर, माझं गिऱ्हाईक म्हणालं की ताई, खिळे कमी ठोका, आणि मी कमी ठोकले, आणि माल वाटेत पडला, तर तो कोणाच्या नावावर परत येतो? गिऱ्हाईकाच्या की माझ्या?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मी वाट बघितली. दोन शब्द पुरले असते: माझं चुकलं. बाहेर एक बाळ रडायला लागलं आणि त्यांनी दाराकडे बघितलं, जणू मी उठावं. मी उठले.

ही माझी तक्रार आहे आणि मी ती अजून सोडलेली नाही. आजार कोणामुळे झाला नाही हे मी मानलं. उशीर मात्र कोणामुळे तरी झाला.

घर

आमचं घर त्या दिवसांत कसं होतं? संतोष शिफ्टला जायचा आणि परत यायचा. मी ओरडायचे, तो ऐकायचा. एकदा मी म्हटलं, "तुम्हाला काही वाटतं की नाही?" तो म्हणाला, "दोघंबी वरडलो तर ह्या घरात ऐकायला कोण राहील?"

सासूबाई जेवायच्या नाहीत. सर्जन काय म्हणाले ते संतोषनं त्यांना शांतपणे समजावलं. त्यांनी मान हलवली.

"डॉक्टर चांगल्या मनाचे असत्यात. म्हातारीला बरं वाटावं म्हनून म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "माज्याच हातानं भरली की ती."

मला त्यांना एवढंच सांगायचं होतं की आई, तसं नाही. माझ्याच्यानं ते होत नव्हतं. मला अजून राग होता.

ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "जावळ काढल्याबिगर त्याच्या डोक्याला लोखंड लावायचं न्हाई. मामाच्या मांडीवर."

सर्जनच्या माणसांनी आधीच सांगितलं होतं की आदल्या दिवशी वॉर्डातच केस काढतात. मला वाटलं, आता हे कोणाला आणि कसं सांगायचं? पण सिस्टरना विचारलं, आणि त्या हसल्या. "मामाला बोलवा की मग. खुर्ची देते."

वॉर्डातलं जावळ

माझा धाकटा भाऊ गणेश सोलापूरहून आला. वॉर्डातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, समर त्याच्या मांडीवर, गळ्यात रुग्णालयाचा हिरवा टॉवेल. सिस्टरनी मशीन चालू केलं.

"अक्का, हे हललं तर?" गणेशनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं.

"तू नको हलू म्हणजे झालं," मी म्हटलं.

सासूबाई खाली वाकून पदरात केस झेलत होत्या. एकही जमिनीवर पडू दिला नाही. शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बघायला आल्या. एकीनं साखर दिली. सासूबाईंनी पिशवीतून नारळ आणि खण काढला आणि सिस्टरच्या हातात ठेवला. जावळ काढणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत.

"अगंबाई," सिस्टर म्हणाल्या, "बारा वर्षं नोकरी केली, आज न्हावी झाले." सगळा वॉर्ड हसला. आम्हीही हसलो. किती दिवसांनी.

मग मशीन बंद झालं, सिस्टरनी ओल्या कापडानं डोकं पुसलं आणि आम्ही बघितलं.

तोपर्यंत कधी तेल होतं, कधी जावळ होतं, कधी टोपडं होतं. उघडं डोकं आम्ही घरातले पहिल्यांदाच पाहत होतो. उलट्या ठेवलेल्या होडीसारखं. मधोमध तो बांध, उजेडात त्याची सावली पडत होती. गणेशनं मान फिरवली.

सासूबाईंनी हात पुढे केला. रिक्षातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांनी त्याला हात लावला. बांधावरून बोट कपाळापासून मागे नेलं.

"हा माज्या हाताखाली व्हता की गं रोज," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, टाळू भरली. ह्योच लागला मला, आन् मी पेढे सांगितले."

पहिल्यांदाच माझ्याकडे भांडण नव्हतं. मी त्यांच्या शेजारी खाली बसले आणि पदरातले केस रुमालात बांधायला लागले.

"आई, मीच जिने चढून वाटले पेढे," मी म्हटलं. "तुम्ही एकट्यांनी नाही."

तो दिवस

रक्त लागणार होतं. यार्डातली माणसं टेम्पोत बसून आली. काही बिहारची, काही मावळातली, आणि आमचा टेम्पोवाला दत्ता. रक्तपेढीच्या बाकावर दत्ता मला म्हणाला, "ताई, ह्यात तरी भाव करू नका." मी हसायला गेले आणि रडले. त्यांच्यासमोर मी कधी रडले नव्हते. सगळी घाबरून इकडेतिकडे बघायला लागली.

समरला आत नेलं तेव्हा तो हसत होता. उपाशी ठेवलेलं होतं तरी. त्याच्यासाठी ती आत नेणारी सिस्टर म्हणजे कडेवर घेणारी आणखी एक बाई होती. दार लागलं. मी अशी बाई आहे की जिला बसलेलं कोणी बघितलेलं नाही. त्या बाकावर मी बसून राहिले, संतोष आणि सासूबाईंच्या मध्ये. डोक्यात एकच चाललं होतं की आत आत्ता त्याचं डोकं उघडं आहे. वारं लागू द्यायचं नाही म्हणून जे एवढं जपलं, ते.

सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता. "झालं," ते म्हणाले. "आता त्याच्या मेंदूला जागा आहे."

हा माझा नाही

आधी सांगितलेलं होतं. सूज येते, डोळे बंद होतात, एक-दोन दिवस जास्तच दिसते, मग उतरते. मला सगळं पाठ होतं. आयसीयूत गेले, पट्टीतलं ते सुजलेलं, जांभळट तोंड बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हा माझा नाही."

सिस्टरनी मनगटावरची पट्टी वाचून दाखवली. माझंच नाव होतं.

तुमच्यावर ही वेळ आली तर असं म्हणाल, आणि त्यात काही वावगं नाही. फोटो काढू नका. नातेवाइकांना पाठवू नका. ते डोळे तुम्हीही विसरून जाल, पण फोटो कोणीतरी ठेवेल.

दुसऱ्या दिवशी मला हळू आवाजात त्याच्याशी बोलायला सांगितलं. मी बोलले. बाळा, सोन्या, जे मी एरवी कधी म्हणत नाही ते सगळं. तो हलला नाही. डोळे शिवल्यासारखे बंद. बाहेर आले, तर दारावरचा माणूस सासूबाईंना आत सोडेना. एकावेळी एकच, आणि वेळही संपली म्हणे. झालं. इतक्या दिवसांचं सगळं त्याच्यावर निघालं. "म्हातारी बाई सकाळपासून बाकावर बसलीये, तुम्हाला दिसत नाही? दोन मिनिटांनी कोणाचं काय जातंय?" माझा आवाज सगळ्या मजल्यावर.

आतून सिस्टर धावत आल्या. मला वाटलं, आता हाकलतात.

"अहो, तुमचं बाळ हात हलवतंय! आवाज ओळखला त्यानं. आत येऊन भांडा."

दोघींना सोडलं. मी खाटेपाशी उभी राहून दारावरच्या त्या माणसाला, खरेदीवाल्यांना, सगळ्या जगाला नावं ठेवत होते, रडत होते, आणि समर मुठी उघडत होता, मिटत होता. सासूबाई म्हणत होत्या, "वरड, अजून वरड." सोन्या-बाळा हे त्याच्या ओळखीचं नव्हतं. ही ओरडणारी ओळखीची होती.

पुढे डाव्या डोळ्याची फट उघडली. त्या फटीतून तो कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. दारावरच्या माणसाला मी नंतर चहा पाजला. तो म्हणाला, "ताई, आमचं रोजचं हाय."

ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांच्यासाठी

प्रत्येक लांबट डोकं म्हणजे हा आजार नाही, आणि लवकर भरलेली टाळू म्हणजेही प्रत्येक वेळी हा आजार नाही. एकाच बाजूला झोपवल्यानंही डोकं वाकडं दिसतं. ते ठरवणं तुमचं काम नाही आणि माझंही नाही. तुमचं काम एवढंच की डॉक्टरांसमोर टोपडं काढायचं आणि त्यांचा हात डोक्यावरून फिरेपर्यंत टेबलासमोरून हलायचं नाही. तेल घालायचं तर डॉक्टरांना विचारून घाला, मायेनं घाला. पण तेलाला हाडाचं श्रेय देऊ नका, आणि उद्या काही निघालं तर घरातल्या म्हातारीला त्याचा दोषही देऊ नका. तिनं जे केलं ते तिच्या हाताला शिकवलं होतं.

हौसाबाईला मी पुन्हा बोलावलं. ती साडी परत घेऊन आली होती. मी म्हटलं, "मूर्खपणा करू नकोस, नेसून ये." आता ती फक्त हातपाय चोळते.

घराजवळचे डॉक्टर त्यानंतर कधी भेटले नाहीत, फोनही आला नाही. खालच्या मजल्यावरची सून तिचं बाळ त्यांच्याकडे नेते. परवा जिन्यात कुरकुरत होती, "काय बाई ते डॉक्टर, आत गेल्या गेल्या टोपडं काढायला लावतात. आमच्या आजेसासूबाई रुसल्या." मी तिला म्हटलं, रुसू दे. घरी येऊन मात्र मनात आलं, म्हणजे तो हात आता मागे जात नाही. तक्रार मिटली असं मी म्हणणार नाही. ते दोन शब्द अजून यायचे आहेत.

आता

समरच्या डोक्यावर या कानापासून त्या कानापर्यंत नागमोडी खूण आहे. वर केस आलेत, पूर्वीसारखे कुरळे. डोकं गोल दिसतं. सर्जननी हाडांचे तुकडे नव्यानं मांडताना मध्ये जागा सोडल्या आहेत. तिथे बोट ठेवलं की मऊ लागतं आणि खाली धडधड जाणवते. पहिल्यांदा जाणवली तेव्हा मी बोट झटकन मागे घेतलं. ते म्हणाले, भरेल हळूहळू, घाई नको. तपासण्या चालू राहतील, वर्षानुवर्षं. मी त्यावर घासाघीस केली नाही.

माळ्यावरची तेलाची वाटी मीच काढून घासून ठेवली. सासूबाईंनी ती मुकाट्यानं भांड्यांत लावली. टोपडं आता फक्त थंडीत, आणि ते नीट बसतं, कानांकडेही आणि मागेही. माप त्यांनी बदललेलं नाही.

रोज सकाळी समरला अंघोळीला घेण्याआधी सासूबाई त्याच्या डोक्यावरच्या त्या मऊ जागेवर बोट ठेवतात. डोळे मिटून थांबतात. मी तेव्हा कोणाशी तरी दरावरून भांडत असते. फोन कानाला, पण बोलणं मध्येच तोडते, कारण मला ते ऐकायचं असतं.

"न्हाई गं," मोरीतून आवाज येतो, "अजून न्हाई भरली."

मग मी फोनवर म्हणते, हां, बोला, किती म्हणालात?